थंड डब्याचा तपास

ती घटना मी आजही विसरलेलो नाही. विसरू म्हटले तरी माझे जुने सहकारी विसरू देत नाहीत, कारण त्या गुन्ह्याच्या पंचनाम्यात मी स्वतःच्या हाताने एक अशी ओळ लिहिली होती, की ती आठवून ते अजून हसतात. ओळ कोणती, ते पुढे येईलच.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. एप्रिल महिना, सोमवारची सकाळ. सोमवारी माझी तीन कामे ठरलेली असत: हजेरी, रविवारच्या बाजारातल्या भांडणांच्या नोंदी आणि गाड्यांच्या डिझेलची मागणी. ही तिन्ही दहाच्या आत उरकायची माझी सवय. त्या दिवशी दुसऱ्या कामावर असतानाच पस्तिशीच्या एक बाई आत आल्या. अंगावर पांढरा कोट तसाच होता. त्यांच्या मागोमाग त्यांच्या संस्थेचे प्रमुख आले आणि बाईंच्या आधी बोलू लागले.

"इन्स्पेक्टर साहेब, हे साधं प्रकरण नाही. फार पद्धतशीर चोरी आहे. बाहेरचे लोक यात असू शकतात."

"बाहेरचे म्हणजे?"

"म्हणजे बाहेरच्या देशातलेसुद्धा."

मी त्यांना खुर्ची दिली आणि बाईंना सांगायला लावले. तक्रार नेहमी ज्याचे गेले आहे त्याच्याकडून ऐकावी. सोबत आलेला माणूस स्वतःचा अंदाज मिसळून सांगतो.

बाई शास्त्रज्ञ होत्या. माहेर सिंदी रेल्वेचे, घरी कापसाची शेती. संस्थेत त्या कॅन्सरच्या नव्या औषधांवर काम करत होत्या. औषध माणसापर्यंत यायच्या फार आधी, प्रयोगशाळेत, बशीत वाढवलेल्या पेशींवर तपासतात, ते काम. आमच्या भागात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण भरपूर. त्यांच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे, त्यांची लेखी संमती घेऊन, बाईंनी जमवले होते. त्यातून पेशी वाढवल्या होत्या आणि शेंगदाण्याएवढ्या कुप्यांत भरून गोठवल्या होत्या.

"त्यातल्या काही पेशी मूळ पेशींसारख्या वागतात," त्या म्हणाल्या. मी लिहिता लिहिता थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि भाषा बदलली. "साहेब, तुमच्या घरी शेती आहे का?"

"आहे."

"मग कुंदा गवत माहीत असेल. वरून निंदलं की वावर स्वच्छ दिसतं. खाली मूळ राहतं, पंधरा दिवसांत परत वर येतं. गाठीतही तशा थोड्या पेशी असतात. औषध दिलं की बाकीच्या मरतात, या दबून बसतात. त्यांच्यावर चालणारं औषध आम्ही शोधतो आहोत. तीन वर्षं झाली."

गोठवलेल्या या कुप्या द्रव नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात. दुधाच्या कॅनसारखा अॅल्युमिनियमचा डबा, आत थर्मासप्रमाणे दुहेरी भिंत. नायट्रोजन इतका थंड असतो की त्यात पेशी वर्षानुवर्षे टिकतात, पण तो रोज थोडा थोडा उडून जातो आणि पुन्हा भरावा लागतो. संस्थेची मोठी टाकी दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्याच आठवड्यात सगळ्या कुप्या महिनाभरासाठी एका जुन्या, लहान डब्यात हलवल्या होत्या. शनिवारी दुपारी नायट्रोजनची गाडी आली. डबा मागच्या ओट्यावर भरून ठेवला गेला. शिपायाने तो उचलून आत ठेवला आणि कुलूप लावले. सोमवारी बाईंनी झाकण काढले, तर आत नायट्रोजन होता, कुप्या नव्हत्या.

"कुप्या काढून नेल्या?"

"नाही साहेब. डबाच दुसरा आहे. तसाच दिसणारा. आमचा नेला आणि त्याच्या जागी दुसरा भरून ठेवला, म्हणजे लवकर कळू नये."

प्रमुख पुढे सरकले. "मी म्हणालो ना, पद्धतशीर."

खरे सांगतो, मलाही तसेच वाटले. ज्याला असा डबा मिळवता येतो, तो भरता येतो आणि अदलाबदल सुचते, तो भुरटा चोर नसणार.

"किती वेळ आहे?" मी विचारले.

"डबा जुना आहे. भरल्यापासून आठ दिवस धरा. शनिवारपर्यंत." मग त्यांचा आवाज उतरला आणि सिंदीची बोली आली. "साहेब, ते तुकडे ज्यांचे होते ना, त्यातले काही लोक आता नाई. परत कोणाले मागू?"

मी गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्याला गेलो. ओट्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यासमोर नेमका खांब. बदलून ठेवलेला डबा मी हातमोजे घालून जप्त केला. पंचनाम्यात त्याचे वर्णन केले: उंची, घेर, झाकणाचा रंग, मुठीला गुंडाळलेली सुतळी, आणि, "तळाशी व एका बाजूस वाळलेल्या तपकिरी पदार्थाचे डाग, पदार्थाचे स्वरूप तपासणीअंती निश्चित होईल." हीच ती ओळ.

तपासात मी नेहमी एका कागदाचे तीन भाग करतो. एकात जे माहीत आहे ते, दुसऱ्यात जे ऐकले ते, तिसऱ्यात जे वाटते ते. सोमवारी संध्याकाळी पहिल्या भागात दोन ओळी होत्या आणि तिसरा भाग कागद उलटून मागे गेला होता. त्यात सर्वांत वर एक नाव होते, संस्थेच्या प्रमुखांनी दिलेले: वर्षभरापूर्वी भांडून नोकरी सोडलेला प्रयोगशाळा सहायक. आता पिपरी मेघेला त्याचे झेरॉक्सचे दुकान होते.

मंगळवारी सकाळी त्याला बोलावले. तो आला तोच तापलेला.

"वर्षभरानं आठवण आली का त्यांना माझी? कपातली साखर कमी झाली तरी माझंच नाव घेतील."

"साखर नाही गेली. नायट्रोजनचा डबा गेला. मॅडमच्या पेशी होत्या त्यात."

त्याचा राग तिथल्या तिथे उतरला. "कोणता, लहानवाला? तो गळका आहे. कधी भरला होता?"

"शनिवारी."

त्याने बोटांवर दिवस मोजले. "उचलणाऱ्यानं आडवा तर नाही ना केला साहेब? आडवा केला असेल तर आजच संपलं असेल."

मी त्याला चहा पाजला आणि शिपायाला त्याला दुकानावर सोडून यायला सांगितले. चोरी केलेला माणूस पोलिसांना काय काय माहीत आहे, याचा अंदाज घेत बसतो. त्याचे प्रश्न आपल्याबद्दल असतात. हा माणूस डब्याबद्दल विचारत होता. त्याचे नाव मी खोडले आणि खोडल्यावर लक्षात आले, की माझ्याकडे दुसरे नावच नाही.

अकराच्या सुमारास जामहून फोन आला. जामच्या चौकात चहाची टपरी चालवणारा एक जण आमचा जुना खबऱ्या. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, सगळीकडच्या गाड्या तिथे थांबतात, त्यामुळे त्याची खबर सहसा वाया जात नसे.

"साहेब, तुमी डबा शोधून राह्यले म्हणे. शनिवारी एक माणूस फटफटीवर डबा बांधून आला होता. धूर निघत होता त्याच्यातून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मले वाटलं गॅसगिस असन. मी गिऱ्हाईक हटवले, शेगडी इझवली. तो मात्र त्याच्या बाजूले बसून आरामात भजे खात होता. मंग मी म्हटलं, याले भ्याव नाई तं आपल्याले काऊन?"

"कुठे गेला?"

"समुद्रपूरकडं. पैशाची घासाघीस नाई केली, नमस्कार करून गेला. चांगला माणूस वाटला जी."

चांगला माणूस, भजी, धुराचा डबा. हे मी दुसऱ्या भागात लिहिले, पण बाहेरच्या देशातल्या टोळीशी ते काही जुळेना.

जुळवणी केली आमच्या जमादारांनी. ते दोन दिवसांच्या रजेवर होते आणि मंगळवारी दुपारी हजर झाले. वय पंचावन्न, घरी चार गाई, ठाण्यात सर्वांत शांत माणूस. मी त्यांना कागदपत्रे वाचायला दिली. ते पंचनामा वाचत वाचत एका जागी थांबले, उठले, मुद्देमालाच्या खोलीत गेले आणि डब्याभोवती एक चक्कर मारून परत आले. चेहऱ्यावर काही नव्हते, फक्त मिशी हलत होती.

"साहेब, हा तपकिरी पदार्थ तुमीच लिहिला का?"

"हो. प्रयोगशाळेत पाठवायचा आहे तो."

"पाठवा जी. पण ते शेण हाय."

शेजारी लिखाणाला बसलेला ठाण्याचा मुन्शी टेबलाखाली पडलेले पेन शोधू लागला आणि बराच वेळ वर आला नाही.

"आन् हा डबा कांडीवाल्याचा हाय," जमादार पुढे म्हणाले. "आमच्याकडे येते ना तो. गाईले कांडी भरायले."

गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन करणाऱ्या माणसाला आमच्याकडे कांडीवाला म्हणतात. चांगल्या वळूचे वीर्य बारीक नळीत, म्हणजे कांडीत, भरून गोठवलेले असते. त्या कांड्या तो नायट्रोजनच्या डब्यात ठेवतो. घरी एक मोठा डबा, गाडीवर एक छोटा. छोटा कमी झाला की मोठ्यातून भरून घ्यायचा. गाव तिथे कांडीवाला. मी शेतकऱ्याचा मुलगा, आणि हे लहानपणापासून पाहत आलो होतो. पण पांढरा कोट आणि कॅन्सरचे नाव ऐकल्यावर माझ्या डोक्यातला गोठ्याचा दरवाजा बंद झाला होता. बाईंना फोन करून हे सांगितले. "आमच्या घरीही कांडीवाला यायचा," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या डब्याकडे कधी पाहिलंच नाही."

आता नायट्रोजनच्या गाडीचा ड्रायव्हर. तो फेरीवर होता, बुधवारी सकाळी नऊला ठाण्यात आला. हात मागे बांधून उभा राहिला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "मले काईच माहीत नाई साहेब."

मी त्याला कोरा कागद दिला. "शनिवारी कुठे कुठे थांबलास, एवढंच क्रमाने लिही."

माणूस तोंडाने खोटे सहज बोलतो. तेच क्रमाने लिहायला लावले की हात अडतो. त्याने संस्थेपर्यंत भराभर लिहिले आणि तिथे पेन थांबले.

"एवढंच?" जमादारांनी विचारले.

"एवढंच जी."

"संस्थेच्या ओट्यावर किती डबे उतरवले?"

"एक."

"आन् दुसऱ्याले शेण कोणी लावलं, मॅडमनं?"

ड्रायव्हर खाली बसला आणि सगळे सांगून टाकले. जामच्या पुढचा एक कांडीवाला त्याचा ओळखीचा. त्याच्यासाठी एवढ्या लांब गाडी नेणे परवडत नव्हते, आणि खासगी माणसांचे डबे वाटेत उतरवायची त्याला परवानगीही नव्हती. म्हणून चार-पाच महिने तो कांडीवाल्याचा भरलेला डबा संस्थेच्या ओट्यावर, खांबाच्या आड ठेवत असे. कांडीवाला येऊन घेऊन जाई. शनिवारी संस्थेचा डबाही तिथेच भरून ठेवला. एरवी संस्थेची मोठी टाकी असायची, त्यामुळे गोंधळाचा प्रश्नच आला नव्हता. या वेळी सारखे दिसणारे दोन डबे शेजारी शेजारी राहिले. कांडीवाल्याने एक उचलला, शिपायाने दुसरा.

"मंगळवारी पेपरात वाचलं तवा समजलं साहेब. नोकरी जाईन म्हणून बोललो नाई."

कांडीवाल्याचा फोन लागत नव्हता. दहाला आम्ही निघालो. निघताना मी यादी केली: दोन पंच, कॅमेरा, कोरे कागद, लाख, मोहोर, पाणी. बाईंना वाटेत घेतले. जाम ओलांडल्यावर त्यांनी विचारले, "कांडीवाल्याचा डबा गाडीत मागे ठेवला ना? भरलेला आहे. लागेल आपल्याला."

तो डबा ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत, कुलपात होता. यादीत लिहायचा राहून गेला होता. एवढ्या वर्षांत यादीने मला असे तोंडघशी पाडले नव्हते. परत फिरायला दीड तास गेला असता. बाईंनी घड्याळ पाहिले आणि पुढेच चला म्हणाल्या. मला तेच जास्त लागले.

कांडीवाला घरी नव्हता. त्याच्या बायकोने बोट दाखवले तिकडे गेलो, तर एका गोठ्यात तो गाईमागे उभा, हात खांद्यापर्यंत आत, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. जमादार पुढे झाले.

"भाऊ, चाल. पोलीस हाय."

गाईचा म्हातारा मालक मध्ये आला. "पहिले कांडी भरू द्या साहेब. वीस दिवसांनी माजावर आली. तुमी उद्या या."

"गुन्हा आहे बाबा."

"गाईचा का गुन्हा हाय त्याच्यात?"

आम्ही थांबलो. चार मिनिटांत काम झाले. हात धुऊन कांडीवाला आला आणि बाईंनी विचारले, "तुमच्याकडे शनिवारी जो डबा आला, तो उघडला होता?"

"उघडला ना. रोज थोडा थोडा गाडीवरल्या जारमंदी ओतून राह्यलो. यंदा ऊन लय हाय."

बाई बाजेवर बसल्या. आम्ही शनिवार धरून चाललो होतो, आणि तो रोज त्यांचे दिवस ओतून घेत होता.

"आत दुसरं काही दिसलं नाही?" मी विचारले.

"दांडे दिसले. कांड्या टांगायचे दांडे तं माह्याही डब्यात राह्यतेत. नव्या कांड्या गुरुवारी येणार होत्या, म्हणून वर काढून पाह्यलं नाई. काऊन, काय हाय त्याच्यात?"

बाईंनी सांगितले. माणसांच्या गाठी, तोंडाचा कॅन्सर, बहुतेक खर्रा खाणारे. त्याने निमूटपणे कोपऱ्यात जाऊन गाल रिकामा केला, चूळ भरली आणि परत आला. "चाला लवकर," तो म्हणाला.

डबा त्याच्या घरात, धान्याच्या कोठीमागे, सावलीत उभा होता. टायरच्या तुकड्यावर नीट ठेवलेला. त्याने एक लाकडी पट्टी आत सोडली, काढली आणि हवेत हलवली. पट्टीवर जिथवर पांढरे दव जमते, तेवढा नायट्रोजन. दोन बोटे होता. बाईंनी पट्टी हातात घेऊन पाहिली. "वरच्या कुप्या उघड्या पडल्या असतील," त्या हळूच म्हणाल्या. "अजून गार आहेत. वर्ध्याला जाईपर्यंत..."

कांडीवाल्याने गाडीवरून आपला छोटा जार सोडून आणला. तो सकाळीच भरलेला होता. त्यात त्याच्या उरलेल्या कांड्या होत्या. त्याची बायको दारात उभी राहून पाहत होती.

"रिकामा केला तं आपल्या कांड्या गेल्या," तो तिला म्हणाला. ते विचारणेच होते.

"मंग? करा रिकामा," ती म्हणाली. "गाय एकवीस दिवसांनी परत माजावर येते."

त्याने जार उचलला आणि सगळा नायट्रोजन बाईंच्या डब्यात ओतला. पांढऱ्या वाफेत त्याचे पाय दिसेनासे झाले. पुन्हा पट्टी टाकली. आता दव वीतभर चढले होते. रिकामा जार त्याने उलटा करून भिंतीला टेकवला.

पंचनामा झाला. जमादारांनी सवयीने लाख काढली. "साहेब, झाकणाले लाख लावू?"

"नका," बाई आणि कांडीवाला एकाच वेळी म्हणाले. कांडीवाल्याने समजावले, "हवा जाले जागा पायजे जमादार साहेब. गच्च बंद केला तं तुमच्या मांडीवर फुटन." मग आम्ही चिठ्ठी सुतळीने मुठीला बांधली, एवढ्यावर भागवले.

आता नियमाचा प्रश्न. जप्त माल ठाण्यात जमा करायचा आणि कोर्टाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर परत द्यायचा. आमच्या खोलीत तो डबा ठेवणे म्हणजे पेशी माझ्या हाताने मारणे. मी वरिष्ठांना फोन केला, परिस्थिती तीन वाक्यांत सांगितली, आणि डबा थेट प्रयोगशाळेत नेऊन तिथे शिपाई बसवायची परवानगी घेतली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने सुपूर्दनामा मंजूर केला. नायट्रोजनची वाफ कोंडू नये म्हणून गाडीच्या काचा खाली होत्या. एप्रिलच्या रखरखाटात आम्ही सगळे वर्ध्याला पोचलो. डबा बाईंच्या पायांमध्ये, आणि कांडीवाला स्वतःहून आलेला, खड्डा आला की दोन्ही हातांनी तो धरून.

चार दिवसांनी बाईंनी आम्हाला बोलावले. सगळ्यांत वरची, म्हणजे सर्वांत धोक्यातली, कुपी त्यांनी वितळवली होती. जिवंत पेशी बाटलीच्या तळाला चिकटतात, मेलेल्या तरंगतात, एवढे सांगून त्यांनी सूक्ष्मदर्शक आमच्याकडे वळवला. मला आधी काहीच कळले नाही. मग लांबट, टोकदार, एकमेकांना लागून बसलेले ठिपके दिसले. काही तरंगत होते, पण बहुतेक चिकटलेले होते. माझ्यानंतर कांडीवाल्याने पाहिले.

"एवढुशा?" तो म्हणाला. "आन् याच्यापायी माही अटक होणार होती?"

"होणार होती," जमादार म्हणाले. "आता नाई होत."

बाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. बाईंनी कांड्यांसाठी केलेल्या अर्जाला पशुसंवर्धन खात्यात तीन आठवडे लागले, पण कांडीवाल्याला बदली कांड्या मिळाल्या. ड्रायव्हरची नोकरी वाचली, बोलणी बरीच बसली. कांडीवाल्याने खर्रा सोडला की नाही, ते मला माहीत नाही. गुन्ह्यात मी गैरसमजाचा अहवाल, म्हणजे क समरी, पाठवला आणि ती मंजूर झाली.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. वस्तू नाहीशी झाली की आपण लगेच विचारतो, ही कोणाला हवी असेल. त्याआधी विचारावे, अशी वस्तू रोज कोणाच्या हातात असते. तो डबा ओळखणारी माणसे प्रत्येक गावच्या गोठ्यात होती. मी मात्र परदेशी टोळीचा माग काढत दोन दिवस घालवले, आणि ते दोन दिवस माझे नव्हते, त्या पेशींचे होते. नवीन अधिकाऱ्यांना मी हे सांगतो, तेव्हा ते मान डोलावतात. मग शेणाची ओळ सांगतो, तेव्हा लक्षात ठेवतात.

त्या बुधवारी निघताना कांडीवाल्याच्या बायकोने आम्हाला थांबवून चहा दिला होता. संध्याकाळी स्टेशन डायरी लिहिताना मी तेही लिहिले: संशयिताच्या घरी चहा घेतला, संशयिताचे आभार मानले, संशयित स्वखुशीने मुद्देमाल धरून सोबत आला. माझ्या सगळ्या नोकरीत अशी नोंद ती एकच.